उरलेल्या राजधान्या

'सिव्हिलायझेशन' हा साम्राज्य उभारण्याचा संगणकावरचा खेळ, आळीपाळीने टर्न घेत खेळायचा. त्याच्या सहाव्या भागात ऑब्झर्व्हेशन बलून नावाचं एक साधं, निरुपद्रवी दिसणारं युनिट, म्हणजे सैन्यातली एक सोंगटी, आहे. त्याला लढता येत नाही. तोफखान्याच्या शेजारी हा फुगा नेऊन ठेवला की तोफेचा पल्ला दोन हेक्सवरून (नकाशावरच्या षटकोनी घरांवरून) तीनवर जातो, एवढंच त्याचं काम. पण शहराच्या तटावरून होणारा मारा दोन हेक्सच्या पुढे पोचत नाही. म्हणजे ज्या टर्नला पहिला फुगा आघाडीवर येतो, तिथून पुढे समोरचं शहर फक्त मार खाणार. एआयचं, म्हणजे संगणक खेळवतो त्या प्रतिस्पर्ध्याचं, विमानदळ वेळेत उभं राहिलं नाही (आणि ते सहसा राहत नाही) तर जगाचा निकाल तिथेच लागलेला असतो.

निकाल लागतो, खेळ संपत नाही. डोमिनेशनने, म्हणजे लष्करी बळावर, जिंकायचं तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी आपल्या ताब्यात हवी, आणि त्यातल्या निम्म्या अजून समुद्रापलीकडे सुखाने नांदत असतात. मग तोफा किनाऱ्यावर आणायच्या, पाण्यात उतरवायच्या, पलीकडे चढवायच्या, डोंगराला वळसा घालायचा, फुगा मागे राहिला म्हणून एक टर्न थांबायचं. हरण्याची भीती उरलेली नसते आणि जिंकल्याची खूणही कुठे नसते. या मधल्या रखडपट्टीत बहुतेक जण डाव सोडून नवा मॅप काढतात. मी सोडत नाही. चिकाटी वगैरे काही नाही. मला हाच भाग सगळ्यात जास्त बोलका वाटतो. विजय म्हणजे काय याबद्दल हा खेळ काय समजतो आणि काय नजरेआड करतो, ते लढाई रंगात असताना दिसत नाही. रखडताना दिसतं.

१९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज या कंपनीसाठी पहिला 'सिव्हिलायझेशन' केला तेव्हा जिंकण्याचे सरळ दोनच रस्ते होते: अंतराळयान पाठवा, नाहीतर बाकी सगळ्यांना पुसून टाका. पुसून टाका म्हणजे अक्षरशः. ध्रुवाजवळच्या एखाद्या बेटावर शत्रूचं एक शेवटचं गाव शिल्लक असेल तर तेही हुडकून काढावं लागे. २००१ च्या तिसऱ्या भागात जरा दया आली. ६६ टक्के जमीन आणि ६६ टक्के लोकसंख्या हातात आली की बाकीचं गृहीत धरलं जाई. २०१० च्या पाचव्या भागात नियम बुद्धिबळाच्या वाटेने गेला. सगळी प्यादी मारत बसू नका, राजा धरा. आधी तर स्वतःची राजधानी राखून असलेला शेवटचा खेळाडू जिंकत असे. त्यामुळे दुसऱ्या कुणी खपून सगळ्यांच्या राजधान्या घ्याव्यात आणि आपण फक्त त्या एकाची घ्यावी, असंही जमून जायचं. आयत्या बिळावर नागोबा. पुढे ते भोक बुजवलं गेलं, आणि सगळ्या मूळ राजधान्या स्वतःच्याच हातात हव्यात असं ठरलं.

प्रत्येक बदलामागे एकच कारण दिसतं. लष्करी विजय हा या खेळातला सर्वात लोभी रस्ता आहे. शेजाऱ्याची दोन शहरं घेतली की विज्ञान वाढतं, विज्ञान वाढलं की तोफा लवकर येतात, तोफा आल्या की तिसरं शहर. मोकळं सोडलं तर तो संस्कृती, धर्म, मुत्सद्देगिरी या बाकीच्या रस्त्यांना खाऊन टाकेल. म्हणून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या मालिकेतले निम्मे नवे नियम विजेत्याच्या पायात काही ना काही अडकवण्यासाठी आलेत, असं मला वाटतं.

त्यातला सर्वात मोठा अडसर पाचव्या भागात आला. चौथ्या भागापर्यंत एका चौकोनात हवी तेवढी युनिटं रचता येत. खेळाडू या चळतीला 'स्टॅक ऑफ डूम' म्हणत. वीस-तीस युनिटांचा गठ्ठा शहराबाहेर आणून उभा करायचा, आधी कॅटापुल्ट (दगड फेकणारी यंत्रं) झोकून द्यायचे म्हणजे आतला अख्खा गठ्ठा जखमी होतो, मग उरलेले आत. पाचव्या भागाचा मुख्य डिझायनर जॉन शेफर याने चौकोन काढून षटकोन आणले आणि एका हेक्सवर एकच लढाऊ युनिट असा दंडक घातला. कल्पना 'पॅन्झर जनरल' या १९९४ च्या युद्धखेळावरून आली होती. तिथून सैन्याला रस्ता, रुंदी, खिंड, पूल या गोष्टी कळायला लागल्या. एआयला मात्र अजून धड कळलेल्या नाहीत. तो धनुर्धारी पुढे आणि तलवारबाज मागे ठेवून येतो, आणि सहाव्या भागात डीटी या सर्वात वरच्या पातळीवर त्याची भरपाई म्हणून त्याला सुरुवातीलाच तीन सेटलर (नवं शहर वसवणारी युनिटं) दिले जातात, आपल्याला एक. शेफरने स्वतःच पुढे या नियमाच्या मर्यादांवर लिहिलं, तेव्हा जुने स्टॅकवाले खेळाडू फार खूश झाले होते.

मी मात्र त्या नियमाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण वेढा.

समजा सहाव्या भागातलं एक मधल्या काळातलं शहर आहे. समोरून नदी, डाव्या अंगाला टेकडी, मागे डोंगर, भोवती पहिल्या प्रतीचा तट. प्रत्येक युनिटला शंभर गुणांचं आयुष्य असतं आणि दोघांची ताकद सारखी असेल तर एका झटापटीत दोघांचे साधारण तीस-तीस जातात. टेकडीवरच्या युनिटला तीनची भर मिळते, नदी ओलांडून हल्ला केला तर आपले पाच कमी होतात. आठचा फरक. आठ हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो घातांकी सूत्रात जातो. आपण त्याचे बाविसेक घेतो आणि तो आपले एकेचाळीस. अशा दोन झटापटी झाल्या की आपला तलवारबाज परत माघारी, जखमा बांधायला.

म्हणजे नदीकडून जायचं नाही. वळसा घालायचा तर टेकडीच्या कडेने जेमतेम दोन हेक्सची वाट. त्या वाटेवरून पुढे कोण जाणार? कॅटापुल्ट पुढे धाडावा तर तो ज्या टर्नला हलतो त्या टर्नला मारा करू शकत नाही, आणि त्याचा पल्ला दोन, तटाचाही दोन. पल्ल्यात गेल्या गेल्या आधी मार खायचा आणि पुढच्या टर्नला जिवंत असलो तर द्यायचा. तलवारबाज पुढे धाडावा तर दगडी तटावर तलवार चालत नाही, नुसते ओरखडे. त्याच्याबरोबर तट फोडणारा ओंडका, म्हणजे बॅटरिंग रॅम, लागतो. तो एकदा तटाला भिडला की त्याच शहराला भिडलेली पायदळाची युनिटं तटावर पूर्ण ताकदीने तुटून पडतात. पण रॅम स्वतः लढत नाही, एकटा सापडला तर फुकट जातो, म्हणून त्याला कुणाच्या तरी आडोशाने न्यायचं. आणि हे सगळं चाललेलं असताना शहर दर टर्नला वीस गुण भरून काढतंय. ते थांबवायचं तर शहराभोवतीच्या सगळ्या हेक्सची नाकेबंदी हवी. प्रत्येक हेक्सवर युनिट उभं करावं लागत नाही. एक युनिट आपल्या आजूबाजूच्या हेक्सवरही वचक ठेवतं, त्यामुळे नीट पेरली तर दोन-तीन युनिटांत फास पूर्ण होतो.

तर मग क्रम असा लागतो: घोडेस्वार आधी लांबून फिरून मागच्या बाजूला. तलवारबाज आणि रॅम टेकडीच्या वाटेने. कॅटापुल्ट सर्वात शेवटी, तटाचं लक्ष दुसरीकडे गुंतलेलं असताना. हा क्रम एका टर्नने चुकला की वाटेत कोंडी होते. पुढचा जखमी मागे येऊ शकत नाही कारण मागच्याने त्याची जागा अडवलेली असते. हा खेळ लढाईचा आहे असं बाहेरच्याला वाटतं. आतून तो वाहतूक नियंत्रणाचा आहे. कोण कुठल्या टर्नला कुठल्या हेक्सवर पोचेल हे चार टर्न आधी दिसू लागलं की शहर पडलंच, प्रत्यक्ष हल्ला ही नंतरची औपचारिकता.

इथे नशिबाचा भाग मुद्दाम लहान ठेवलाय. पहिल्या भागात तसं नव्हतं; लढाई म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. तटामागे दबा धरून बसलेल्या भालाइतांच्या फॅलँक्सने युद्धनौका बुडवल्याच्या कहाण्या तेव्हापासून चालत आल्या आहेत. दुसऱ्या भागात, १९९६ साली, युनिटांना आयुष्याचे गुण मिळाले आणि असले चमत्कार कमी झाले. सिड मायरने २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये याची एक गंमत सांगितली होती. ताकद तीनास एक असताना खेळाडू हरला की तो चिडतो, तीन ही मोठी संख्या आहे, मी हरूच कसा? उलट एकास तीन असताना तो जिंकला तर त्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही. आणि दोनास एकमध्ये क्वचित हरणं ज्यांना चालतं, त्यांना वीसास दहामध्ये हरणं चालत नाही, कारण वीस आणि दहात चांगला दहाचा फरक आहे! गणित तेच. पण जिंकणाऱ्याला गणित नको असतं. आपण जिंकलो ते आपल्या अकलेने, आणि हरलो ते खेळ खोटा म्हणून, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. मीही याला अपवाद नाही, हे वेगळं सांगायला नको.

शहर पडल्यावर एक चौकट उघडते. ठेवायचं की जाळायचं? मूळ राजधानी असेल तर जाळता येत नाही, बाकीची बहुतेक येतात. पाचव्या भागात जाळणं एका फटक्यात होत नाही. शहराच्या नावाशेजारी ज्वाळा दिसतात आणि दर टर्नला लोकसंख्येचा आकडा एकाने उतरतो. बाराचं शहर असेल तर अकरा, दहा, नऊ. तुम्ही तिकडे दुसऱ्या आघाडीवर असता, इकडे आकडा उतरत राहतो. मध्येच मन बदललं तर जाळणं थांबवता येतं. त्यासाठी एक बटण ठेवलंय. मालिकेतली मला सर्वात अस्वस्थ करणारी रचना हीच. त्यात रक्त नाही, किंकाळी नाही, नुसता उलटा मोजणारा अंक आहे, आणि तो मोजला जात असताना तुम्हाला विचार करायला भरपूर वेळ दिलेला आहे.

अंकावरून अशोक आठवणं अटळ आहे. कलिंगच्या युद्धानंतरच्या तेराव्या शिलालेखात त्याने आकडेच दिलेत: दीड लाख माणसं तिथून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट मेली. जिंकणाऱ्याने हे आकडे पराक्रम म्हणून न लिहिता पश्चात्ताप म्हणून लिहावेत, याचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. पण हा तेरावा लेख खुद्द कलिंगात कोरलेला नाही. धौली आणि जौगड इथल्या खडकांवर अकरा, बारा आणि तेरा हे लेख गाळलेत, त्यांच्या जागी वेगळे दोन लेख आहेत, आणि त्यांत अधिकाऱ्यांना सांगितलंय की सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांना नीट वागवा. जिंकलेल्या मुलखात काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे त्या राज्याला पक्कं ठाऊक होतं. २०२५ च्या सातव्या भागात अशोक दोन रूपांत निवडता येतो, एक जगाचा त्याग करणारा आणि एक जग जिंकणारा. दोन वेगळी बटणं. धौलीच्या खडकाला तशी सोय नव्हती.

जिंकलेलं शहर सांभाळणं हा प्रश्न मालिकेने दोन पद्धतींनी सोडवून पाहिला. पाचव्या भागात साऱ्या साम्राज्याचं समाधान एकाच आकड्यात मोजलं जाई. शहरं वाढली की असंतोष वाढे, फार वाढला की सैन्य ढिलं पडे आणि बंडखोर उगवत. मला ही पद्धत कधीच पटली नाही. पूर्वेला एक बेट घेतलं म्हणून पश्चिमेच्या राजधानीतले लोक का चिडावेत? सहाव्या भागात २०१८ च्या विस्ताराबरोबर निष्ठा आली, लॉयल्टी. प्रत्येक शहराची निष्ठा शंभरातून मोजली जाते आणि तिच्यावर नऊ हेक्सच्या आतल्या माणसांचा दाब पडतो, आपल्याही आणि त्यांच्याही. त्यामुळे शत्रूच्या मुलखात खोल घुसून एकच शहर घेतलं तर ते काही टर्नमध्ये हातातून निसटतं. सैन्य ठेवा, गव्हर्नर बसवा, तरी चहूकडून ओढ चालूच. घ्यायचं तर आजूबाजूची दोन-तीन शहरं जवळजवळ एकदम पाडायची, म्हणजे दाब उलट दिशेने वाहू लागतो. हा नियम माझ्या मते मालिकेतला सर्वात शहाणा नियम आहे. तट फोडून शहर मिळतं, शेजार काही मिळत नाही.

नेत्यांच्या स्वभावात मात्र खेळाने कधी कधी नेम अचूक साधलाय आणि कधी कधी भलतीकडेच. मंगोलांचं सहाव्या भागातलं रूप मला फार आवडतं. व्यापारी तांडा दुसऱ्याच्या शहराकडे निघाला की लगेच तिथे मंगोलांचं ठाणं उभं राहतं, ठाण्यामुळे त्या राज्याची माहिती मिळते, आणि माहितीच्या प्रत्येक पायरीला लढाईतली ताकद वाढते. आधी तांडे, मग घोडे. चंद्रगुप्तही झकास जमलाय. सीमेला लागून असलेल्यांशी त्याचं वाकडं, लांबच्यांशी गोडी. शेजारी तो शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हे कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तलं मंडल जसंच्या तसं. शिवाय भूमी वाढवण्यासाठी युद्ध पुकारलं की पहिल्या दहा टर्न त्याच्या सैन्याला दोन पावलं जास्त चालता येतं.

आणि मग अलेक्झांडर. त्याला दिलेली खास शक्ती अशी की त्याच्या शहरांना युद्धाचा थकवा येतच नाही. बाकी सगळ्या राज्यांत लांबलेल्या युद्धाने लोक वैतागतात, त्याच्याकडे नाही. इसवी सन पूर्व ३२६ मध्ये बियासच्या काठी ज्याचं सैन्य पुढे जायला साफ नाही म्हणालं आणि ज्याला तिथून मागे फिरावं लागलं, नेमका तोच हा माणूस! खेळाने त्याला थकवा दिला नाही, कारण थकलेला अलेक्झांडर घेऊन खेळायला कुणाला मजा येईल?

इथेच त्या रखडपट्टीचं मूळ आहे. मायरने २०१० च्या त्याच भाषणात सांगितलं होतं की साम्राज्यांची भरभराट आणि पडझड असं दोन्ही दाखवायचा विचार सुरुवातीला होता. पण पडझड सुरू झाली की खेळाडू जुनं सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला डाव, उघडतात. म्हणून पडझड काढून टाकली, आणि साम्राज्य फक्त वाढतच जाणार असं ठरलं. त्यामुळे फुगा आल्यानंतरच्या त्या सगळ्या टर्नमध्ये आपल्याला खाली खेचणारं काही उरतच नाही. इतिहासात या टप्प्यावर गोष्टीला खरा रंग भरतो. इसवी सन पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये वारला आणि त्याचे सेनापती एकमेकांच्या उरावर बसले. १२५९ मध्ये मोंगके खान गेला आणि मंगोल साम्राज्याची शकलं व्हायला लागली. खेळात राजा मरत नाही. सेनापती फुटत नाहीत. वारस भांडत नाहीत. शेवटची राजधानी पडते, विजयाचा पडदा येतो, आणि त्याखाली 'अजून एकच टर्न' असं बटण असतं. ते दाबलं तर पुढे खेळता येतं, पण आता कशालाच काही अर्थ नसतो, कारण मोजणारं कुणी नाही.

सातव्या भागाने पडझड परत आणायचा धीर केला. खेळ तीन युगांत कापला, प्रत्येक युगाच्या शेवटाकडे संकटं येतात, मग युग पालटताना आपली संस्कृतीच बदलते आणि पुष्कळसं कमावलेलं मागे राहतं. जुन्या खेळाडूंचा मोठा गट यावर नाराज झाला. मायरचं निरीक्षण पुन्हा खरं ठरलं. सैन्य सेनापतीच्या हाताखाली बांधून एकगठ्ठा हलवायची सोय मात्र त्यात फार चांगली आहे, वाहतूक कोंडी निम्मी सुटते. पण लष्करी विजयाचं त्यांनी जे केलं ते मला रुचलं नाही. आधुनिक युगात शहरं घेऊन गुण जमवायचे, मग मॅनहॅटन प्रकल्प, मग ऑपरेशन आयव्ही, म्हणजे थर्मोन्यूक्लिअर बॉम्बची चाचणी, की जिंकलात. रखडपट्टी गेली हे खरं. पण सगळं जग जिंकलं असं म्हणताना जगाच्या त्या टोकाला पाय लावावा लागत होता, तेवढी सक्तीही गेली. विजयाचा प्रकल्प झाला आणि तो कारखान्यात पूर्ण होतो.

म्हणून मी अजून सहावाच खेळते. सर्वात मोठा मॅप बारा राज्यांचा असतो, त्यात शेवटच्या राजधान्यांपर्यंत माणूस कंटाळून जातो. सहा राज्यांचा लहान मॅप घेतला की फुगा येईस्तोवर जेमतेम दोन-तीन राजधान्या उरतात. खंड दोन ठेवावेत, एकच नको, म्हणजे निदान एकदा तरी आरमार बांधावं लागतं. आणि पहिल्या वीस टर्नमध्ये चंद्रगुप्त अगदी खेटून शेजारी निघाला, तर मी मुकाट्याने दुसरा मॅप काढते.